कारल्यांचा पडदा

कुमागाया,
जुलैचा शेवटचा आठवडा

प्रिय मित्सुरू,

खोका उघडलास की आधी कारली दिसतील आणि तू नेहमीसारखं तोंड वाकडं करशील. खुशाल कर. पण या वेळी कारल्यांच्या खाली हे पाकीटही ठेवलंय, ते कारल्यांबरोबर शेजाऱ्यांना वाटून टाकू नकोस. फोनवर मी बाबांचं नाव काढलं की तुझ्या कारखान्यातलं बर्फाचं यंत्र नेमकं तेव्हाच सुरू होतं आणि तुला काही ऐकू येईनासं होतं. पत्राला तसं करता येत नाही. फार तर फाडून टाकशील, पण तू मला ओळखतोस, मी दुसरं लिहीन.

इकडे उन्हाळ्यानं उच्छाद मांडलाय. दर वर्षी आपण म्हणतो की असा उन्हाळा पाहिला नव्हता, आणि पुढचा उन्हाळा येऊन आपल्याला खोटं पाडतो. सकाळीच फाटकाची कडी उघडायला हातात फडकं घ्यावं लागतं. शाळेला सुट्टी, म्हणून शाळेचं स्वयंपाकघर बंद, म्हणून मी मोकळी. एरवी शाळाभर पोरांच्या जेवणाशी झुंजणारी मी आता एका म्हाताऱ्या माणसाशी झुंजतेय, आणि सांगते तुला, पोरं परवडली. तू तिकडे कुशिरोच्या धुक्यात, वर बर्फाच्या कारखान्यात. बाप इथे भट्टीत. वाटणी तरी काय झालीय आपल्या घराची!

घर तू ओळखणार नाहीस. रस्त्यावरून बघितलं तर घर दिसतच नाही, नुसती पानं दिसतात. तू गेलास तेव्हा दक्षिणेच्या खिडकीपुरती एक जाळी होती आणि तिच्यावर कारल्याच्या चार वेली. आता दक्षिणेची अख्खी भिंत, मग पश्चिमेची, आणि या वर्षी न्हाणीघराची खिडकीसुद्धा बाबांनी वेलींखाली घातलीय. पन्हळीचं पाणी पिंपात उतरतं, पिंपाचं वेलींना. आंघोळीचं पाणी नळीनं फुलझाडांना. तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना, आणि ते मी चुकून मोरीत ओतलं तर घरात कुणाचा खून झाल्यासारखे बघतात. पानांवर मावा पडला की दुधाचं पाणी फवारतात, विषारी औषधाची बाटली घराच्या आसपास फिरकू देत नाहीत. घरात शिरलं की भर दुपारी दिवा लावावासा वाटतो. मी लावला, तर आतून आवाज येतो, “कशाला? स्वतःचे हात दिसतायत ना?”

मागच्या पडवीत खताचा पुठ्ठ्याचा खोका आहे. त्याच्यावर झाकण म्हणून काय घातलंय माहीत आहे? तुझा शाळेच्या बेसबॉल संघाचा सदरा. गळ्याकडून नीट दोरीनं बांधलेला. आत भाज्यांची सालं, माशांचे काटे, चहाचा चोथा. रोज सकाळी बाबा त्यात हात घालून ऊब बघतात, आई आपल्या कपाळावर हात ठेवून ताप बघायची तसे, आणि त्याला विचारतात, “काय, पचलं का काल रात्रीचं?” मी म्हटलं, बाबा, मला कधी विचारलं नाहीत असं. तर म्हणाले, “तू सांगतेसच न विचारता.” म्हणजे जीभ अजून शाबूत आहे, काळजी नसावी.

आणि कारली! कारल्यांचं काय करायचं, मित्सुरू? अंड्यात परतली, टोफूबरोबर परतली, लोणचं घातलं, चकत्या वाळवून चहा केला. गल्लीतले लोक बाबांना टोपली घेऊन येताना पाहिलं की दिवे घालवतात. परवा कोपऱ्यावरच्या भातचक्कीवाल्यानं मला थांबवून हात जोडले, “चिझुरूबाई, वडिलांना सांगा, आमच्याकडे कुणीच आजारी नाही, कडू औषध नको.” मी बाबांना तसंच सांगितलं. ते खूप वेळ हसले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना फार थोड्या वेळा पाहिलंय. दुसऱ्या दिवशी त्यालाच दोन जास्त नेऊन दिली.

त्या पहिल्या चार वेली आईनं लावल्या होत्या, एवढं तुला आठवत असेल. भूकंपाच्या वर्षीचा तो उन्हाळा. वीजकेंद्रं बंद, स्टेशनचे सरकते जिने बंद, दुकानांत अर्धेच दिवे, आणि जो तो वीज वाचवायला निघालेला. आपल्या आईला तर असं काहीतरी हवंच होतं. गल्लीतल्या कचऱ्याच्या पिशव्या उघडून बाटल्यांची बुचं वेगळी केली नाहीत म्हणून लोकांना परत नेऊन देणारी बाई ती! तिनं घरोघरी जाऊन कारल्याची रोपं वाटली, जाळी कशी बांधायची ते दाखवलं, शेंडा कधी खुडायचा ते शिकवलं. शेंडा खुडला नाही तर वेल नुसती वर पळते आणि खाली खिडकी उघडी राहते, हे वाक्य तिनं त्या वर्षी इतक्यांदा ऐकवलं की मला अजून पाठ आहे. आणि मग तिनं गल्लीतल्या बायकांकडून तो शब्द घेतला. दुपारभर कुणी एसी लावायचा नाही. दुपार कलली की सगळ्यांनी आंघोळीच्या पाण्याच्या बादल्या घेऊन बाहेर यायचं आणि गल्लीत सडा घालायचा. मी सुट्टीत राहायला आले होते तेव्हा बघितलंय, किती मजा चालायची. बायका हसतायत, ओल्या रस्त्यातून वाफ निघतेय, आणि आई मधोमध उभी राहून हुकूम सोडतेय.

आपली गल्ली किती अरुंद आहे, तुला माहीत आहे. एसीचं बाहेरचं युनिट कुणाच्याही घरचं सुरू झालं तरी सगळ्या गल्लीला ऐकू जातं. त्या उन्हाळ्यात म्हणून कुणी कुणावर पाळत ठेवायची गरज नव्हती. कानच पुरे होते. ज्याच्या भिंतीपाशी घुंघुं ऐकू येईल त्याच्या दारावरून जाताना बायका खोकायच्या, बस्स, एवढंच. तेवढ्यानंसुद्धा माणूस लाजून बटण बंद करायचा. मी आता हे लिहिताना मला त्याची भीती वाटते. तेव्हा नाही वाटली, तेव्हा मीही हसले होते.

पुढचं तुला सांगायला नको. बंद खोलीत आई सापडली, रुग्णवाहिका आली, ती वाटेतच गेली. स्मशानातून परतल्यावरच्या जेवणात सगळ्या नातेवाइकांसमोर तू बाबांना म्हणालास, “तुमच्या वीज वाचवण्यानं आईचा जीव घेतला.” मी तुझी बाही ओढत होते. आणि बाबांनी मान खाली घालून सांगितलं, “हो. तिला बरं वाटत नव्हतं, तरी मी एसी बंद करून बाहेर गेलो.” तू ताट तसंच ठेवून उठलास. एक तप उलटून गेलं त्याला. तू कुठल्याच श्राद्धाला आला नाहीस, आणि बाबांनीही कधी विचारलं नाही की तू का आला नाहीस. मला वाटायचं, दोघंही हट्टी, एकाच मातीचे. मी दोघांमध्ये टपाल वाहायचं काम करत राहिले.

आता या वर्षीचं सांगते. पंधरा-एक दिवसांपूर्वी बाबा वेलींखाली पडले. दुपारी पाणी घालत होते म्हणे. दुपारी पाणी घालू नये हे ज्या माणसानं आपल्याला शिकवलं, तो माणूस! पलीकडच्या नुकुईकाकूंना कुंपणातून त्यांची टोपी जमिनीवर दिसली. त्या धावत आल्या, ओल्या टॉवेलांनी अंग झाकलं, मला आणि रुग्णवाहिकेला फोन केला. मी पोचले तेव्हा बाबा सलाईन लावून पडलेले होते आणि नर्सला सांगत होते की जाताना खोलीतला जादाचा दिवा मालव. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची असेल. ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. म्हणाली, “आजोबा, तुमचा वेलींचा पडदा छान आहे, फोटो बघितला मी. पण तो भिंत गार ठेवतो, तुम्हाला नाही. या वयात तहान लागलेली कळत नाही, घामही नीट येत नाही. एसीशिवाय हा ऑगस्ट तुम्ही काढणार नाही.” बाबा म्हणाले, “ते यंत्र आतली हवा गार करतं आणि गरम हवा गल्लीत सोडतं, शेजाऱ्यांच्या तोंडावर. पृथ्वी तापलीय ती अशानंच.” ती म्हणाली, “पृथ्वीचं आपण पुढच्या महिन्यात बघू. आधी तुम्ही तोपर्यंत राहा.” मला ती मुलगी फार आवडली.

मी तडकाफडकी त्यांच्या खोलीत नवा एसी बसवून घेतला. कमी वीज खाणारा घेतला, म्हणजे त्यांना बोलायला तोंड नको. बसवणाऱ्या माणसाला त्यांनी तीनदा सांगितलं की युनिट लावताना वेलीची एकही फांदी तुटता कामा नये. तो बिचारा घामाघूम, बाबा खाली उभे राहून सूचना देतायत. शेवटी एसी सुरू झाला. मी बाबांना आत बसवलं, सातूचा गार चहा दिला, रिमोट हातात दिला आणि बजावलं, “मी परवा येईपर्यंत हे बंद करायचं नाही.” ते म्हणाले, “बरं.” मित्सुरू, बाबांनी कधी एवढ्या लवकर बरं म्हटलंय? मला तिथेच कळायला हवं होतं.

मी बाहेर पडले. नुकुईकाकू त्यांच्या दारात बादली घेऊन उभ्या होत्या. गल्लीत आता फक्त त्याच सडा घालतात, बाकी कुणी घालत नाही. त्यांचे आभार मानायला म्हणून मी थांबले. आमच्यामागे बाबांच्या खोलीचं नवं युनिट वेलींच्या आडून घुंघुं करत होतं. आम्ही कारल्यांवरून काहीतरी थट्टा करत होतो. आणि बोलता बोलता तो आवाज थांबला. मी वैतागले. म्हटलं, “बघा! मी कोपरा वळायचीसुद्धा वाट बघवली नाही!” आणि काकूंकडे बघितलं तर त्यांच्या हातातून बादली सुटलेली, पाणी माझ्या चपलांवरून वाहतंय, आणि त्या भिंतीला धरून खाली बसल्यात. म्हणाल्या, “असाच थांबला होता गं. त्या दिवशीसुद्धा असाच थांबला होता.”

मी त्यांना आत नेलं. त्या जे बोलल्या ते तुला जसंच्या तसं सांगते, माझ्या मनाचं काही घालत नाही. त्या दिवशी सकाळपासून आईला गरगरत होतं. बाबांनी तिला निजवलं, खिडक्या लावून घेतल्या आणि एसी सुरू केला. ऐकलंस? सुरू केला. वेली जाळीच्या वर गेल्या होत्या म्हणून ते शेतीच्या दुकानातून सुतळी आणायला गेले. निघताना कुंपणापाशी काकूंना म्हणालेसुद्धा, “आज फुसाए सड्याला येणार नाही, झोपलीय.” दुपार कलली, बायका बादल्या घेऊन बाहेर आल्या, आणि सगळ्यांच्या कानावर आपल्या घराचं युनिट. ज्या बाईनं सगळ्यांकडून शब्द घेतला, तिच्याच घरचं! काकूंना हसू आवरेना. त्या खिडकीखाली जाऊन ओरडल्या, “काय हो फुसाएताई, सगळ्या गल्लीला उपास घडवलात आणि तुमच्याकडे मात्र फराळ चाललाय वाटतं!” सगळ्या हसल्या. आतून आई पण हसली म्हणे. म्हणाली, “अगं बाई, चुकून राहिला!” आणि आवाज थांबला.

खिडक्या मात्र तशाच बंद राहिल्या. तिला उठून उघडायला त्राण नसेल, किंवा जरा पडते आणि मग उघडते असं वाटलं असेल. बायकांनी सडा घातला आणि त्या आपापल्या घरी गेल्या. बाबा सुतळी घेऊन आले तेव्हा खोली तव्यासारखी तापली होती.

मग रुग्णवाहिका आली, गल्लीतले सगळे गोळा झाले. त्या लोकांनी विचारलं, एवढ्या उन्हात एसी बंद कसा? काकू पुढे झाल्या, त्यांच्या तोंडून “मी... माझ्यामुळे...” एवढंच निघालं, आणि तेवढ्यावरून सगळं ओळखून बाबा मध्येच मोठ्यानं म्हणाले, “मी मध्ये घरी येऊन बंद करून परत गेलो होतो. वीज वाचवायला.” आपले बाबा आणि मोठ्यानं! बाकीच्या बायकांना वाटलं, आईनं नंतर पुन्हा लावला असेल आणि तो यांनी बंद केला. नंतर काकू त्यांच्यापुढे डोकं टेकायला गेल्या, तर म्हणाले, “तुम्ही काही बोलला नाहीत आणि मी काही ऐकलं नाही. तिला तुमची थट्टा आवडायची. आता हा विषय आपल्या दोघांत पुन्हा नको.” आणि तेव्हापासून दर उन्हाळ्याला वेलीचं पहिलं कारलं काकूंच्या घरी जातं. काकू मला म्हणाल्या, “एकही चुकलं नाही गं. दर वर्षी मी ते घेते, आणि दर वर्षी वाटतं, आज ओरडून सगळ्यांना सांगावं. तुमचा मित्सुरू गेला तेव्हाच सांगायचं होतं. पण तुमच्या बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की माझी जीभ उचलली नाही.”

मी तशीच ओल्या चपलांनी परत बाबांकडे गेले. ते वेलींखाली उलट्या बादलीवर बसून एका पिकून केशरी झालेल्या कारल्यातल्या लाल बिया काढत होते. दर वर्षी एक कारलं ते वेलीवर पिकू देतात, पुढच्या वर्षीच्या बियांसाठी. आईच्या त्या चार वेलींपासून बी कधी विकत आणलेलं नाही, हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. मी म्हटलं, “काकूंनी सांगितलं.” त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, “त्यांना राहवलं नसेल.” मी रडले, भांडले, जे सुचेल ते बोलले. त्यांनी बिया पाण्यात चोळून धुतल्या आणि मग सांगितलं, “त्यांना याच गल्लीत राहायचं होतं, चिझु. आणि फुसाएनं सगळ्यांकडून शब्द घेतला होता. ती त्यापायी गेली असं कळलं असतं तर यातली एकही बाई नीट झोपली नसती. मी एकटा होतो. मला काय फरक पडणार होता?”

मी विचारलं, आणि मित्सुरू? त्याला फरक पडणार नव्हता? त्यांनी बियांचं पाणी वेलीच्या मुळाशी ओतलं. मग म्हणाले, “त्याला कुणावर तरी रागवायचं होतं. आईवर कसा रागावणार? ती मेलेली. शेजारणीवर रागावला असता तर आयुष्यभर आईच्या हसण्यावरही रागावला असता. माझ्यावर रागावला, ते बरं झालं. बाप असतोच त्यासाठी.” हे ते इतकं सरळ बोलले, जसं काही कुठली कुंडी कुठे ठेवायची ते सांगतायत. मला त्यांचा संताप आला आणि त्यांच्या पायावर डोकंही ठेवावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. बियांची वाटी त्यांच्या हातातून घेतली.

मग मी एसीचं विचारलं. पृथ्वीचं सांगू नका म्हटलं, खरं सांगा. ते म्हणाले, “पृथ्वीचंही खरंच आहे.” आणि मग, “तो आवाज सुरू झाला की मी तो थांबायची वाट बघत बसतो. दुसरं काही सुचतच नाही. आता थांबेल, आता थांबेल. त्या दिवशी थांबला तेव्हा मी नव्हतो ना. मग म्हणतो, मीच थांबवतो, म्हणजे सुटतो.” वेली आवाज करत नाहीत, मित्सुरू. म्हणून एवढ्या वेली. मी इतकी वर्षं त्याला म्हाताऱ्याचं वेड समजून हसत होते, आणि सगळी गल्ली हसत होती.

त्यानंतर मी रोज जातेय. मी एसी लावते, ते बरं म्हणतात. मी जवळ बसून राहिले तर मला चहा करायला पाठवतात, पिंप भरलंय का बघायला पाठवतात, खोक्याला भूक लागलीय म्हणून सालं आणायला पाठवतात, आणि मी परत येते तो खोली गप्प. एक दिवस मी रिमोट घेऊनच निघाले, तर भिंतीवरची वायर काढून ठेवली. जेवण कमी झालंय. परवा बर्फातल्या शेवया केल्या, दोन घास घेतले आणि म्हणाले, तूच खा. काल बोलता बोलता मला आईच्या नावानं हाक मारली, आणि स्वतःच दचकले. डॉक्टरीणबाईंनी फोनवर स्पष्टच सांगितलं, हे असं चाललं तर पुढच्या वेळी पोचायला उशीर झालेला असेल. ऑगस्ट अजून सगळाच्या सगळा पुढे आहे.

म्हणून हे पत्र. काकूंचं गुपित मी तुला त्यांना विचारून सांगतेय. बाबांना विचारलेलं नाही, विचारणारही नाही. तू त्यांची माफी मागावीस म्हणून मी लिहीत नाही, त्यांना ती नकोच आहे आणि तुलाही ती मागता येणार नाही, दोघंही तसले. मला फक्त एवढं हवंय की कुणीतरी त्या खोलीत बसावं, एसी लावावा, आणि उठू नये. मला ते उठवतात. तुला उठवायचं धाडस त्यांना होणार नाही, कारण तू उठून गेलास तर काय होतं ते त्यांनी पाहिलंय. तू बस. आवाज चालू राहू दे. ते झोपेपर्यंत चालू राहू दे, जागे झाल्यावरही चालू असू दे, म्हणजे त्यांना एकदा कळेल की तो न थांबताही राहतो. वेली आहेतच, त्या कुणी काढणार नाही, आणि पिंपही आणि खोकाही, तुझ्या सदऱ्यासकट. आणि आता हेही ऐक, दर वर्षी माझ्या नावानं तुला येणारा हा कारल्यांचा खोका मी कधीच भरलेला नाही. ते वेलीवरची सगळ्यात चांगली निवडतात, एकेक कागदात गुंडाळतात आणि म्हणतात, “तुझंच नाव घाल, नाहीतर तो खाणार नाही.” मला माहीत आहे, तू मनात म्हणशील, ऑगस्टच्या मध्यावर ओबोनला रजा काढून येतो. गेल्या ओबोनला आईला आणायला पाठवायचा काकडीचा घोडा त्यांनी कारल्याचा केला होता, कारण काकडीला या बागेत आता जागाच उरली नाही, आणि मला म्हणाले, टोचेल तिला, पण येईल. मित्सुरू, ओबोनला मेलेली माणसं घरी येतात. तू जिवंत आहेस, तू त्याआधी ये.

तुझीच, वाट बघणारी,
चिझुरूताई